जरा जास्त आहे

टीव्ही सेंटरच्या मागे, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत मी जपानी शिकवते. वर्गात बहुतेक मुलीच आहेत. कुणाचं नर्सिंग पुरं झालेलं, कुणाचं अर्ध्यात सुटलेलं, आणि सगळ्यांना जपानला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची आहे. दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बोलायची भीती कशी गेली तुमची?" मी ठरलेलं उत्तर देते. मोठ्यानं वाचा, आरशासमोर बोला, चुकायला लाजू नका. मुली ते वहीत उतरवून घेतात. खरं उत्तर वर्गात सांगण्यासारखं नाही. सांगितलं तर निम्म्या दुसऱ्या दिवसापासून येणार नाहीत.

आमच्या घरात पहिल्यांदा जपानी बोलले ते माझे वडील, आण्णा. ते पर्यटकांची गाडी चालवायचे. सकाळी पाहुण्यांना अजिंठ्याला न्यायचे, लेणी बघून होईपर्यंत फर्दापूरला चहाच्या टपरीवर इतर ड्रायव्हरांबरोबर बसायचे आणि संध्याकाळी परत शहरात आणून सोडायचे. जपानी पाहुणे मिळाले की त्यांना कोण आनंद! ते लोक बुद्धाच्या मूर्तीसमोर हात जोडतात हे त्यांनी पाहिलं होतं, तेव्हापासून "आपलीच माणसं हायेत" असं ते घरी सांगायचे. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बुद्धाची मूर्ती, त्यामुळे हे नातं त्यांना अगदी सरळ वाटायचं. नमस्कार, हळू, सुंदर, उद्या, संडास, अशा मोजक्या शब्दांवर ते आख्खा दिवस रेटायचे. चुकायचे, पण थांबायचे नाहीत. मी शिकायला लागले तेव्हा मला म्हणाले, "खोटं बोल पण रेटून बोल म्हणतेत ना, तसं चुकीचं बोल, पण रेटून बोल."

मला ते जमलं नाही. मी आईवर गेले आहे. परीक्षेत मार्क चांगले पडायचे, पण तोंड उघडायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

जपानमधल्या एका डोंगराळ गावात, वृद्धांच्या निवासात मी कामाला लागले. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, लंगोट बदलणं ही कामं हातांची होती आणि माझे हात शहाणे होते. अडचण सकाळी यायची. तिथं दर पाळी बदलताना सगळे कर्मचारी गोल उभे राहतात आणि आधीच्या पाळीतल्या प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या माणसांचा हालहवाल मोठ्यानं सांगायचा असतो. कोण जेवलं नाही, कोण पडलं, कुणाला ताप आहे. माझी पाळी आली की मी कागदावरचं वाचायचे, आणि कुणी उलटा प्रश्न विचारला की "हाय, हाय" म्हणायचे. जपानीत 'हाय' म्हणजे हो. आण्णांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "दिवसभर हाय हाय करायला गेलीस व्हय तिथं? छाती तरी बडवत जा संग." मी हसले होते. फोन ठेवल्यावर मात्र रडले. तेव्हा मला अजून रडू यायचं.

हळूहळू सुधारणा झाली, ती म्हाताऱ्यांमुळेच. त्यांना कुठं घाई होती! एक आजोबा होते, धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. त्यांच्याशेजारी बसून मीही घड्या घालायचे आणि ते एकच गोष्ट रोज सांगायचे, त्यामुळे मला ती पाठ झाली आणि तिच्यातली वाक्यंही. त्यांची मुलगी रोज सकाळी फोन करायची, वडिलांना काय आणू विचारायची. काही दिवसांनी तो फोन उचलायची परवानगी मला मिळाली. मला ती बढतीच वाटली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आपल्यातल्या लोकांना ठाऊकच असते, पण जपानला जाऊन आल्यापासून मला ती बाहेरून दिसते. आमच्याकडं मेलेल्या माणसाला काही तास आजारी ठेवतात. माझे मामा खुलताबादला अचानक गेले तेव्हा आईला न्यायला जीप आली, आणि आणणाऱ्यानं सांगितलं, "जरा जास्त आहे, निघा. घाबरायचं काही नाही." वाटेत आईनं विचारलं, "बोलतोय का?" जीपमधले सगळे एका सुरात म्हणाले, "बोलतोय की, तुमचंच नाव काढतोय." दारात टाकलेली सतरंजी आणि उघड्यावर बसलेली माणसं दिसली तेव्हा आईनं टाहो फोडला. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. माणूस घरापर्यंत धड पोचावं, वाटेतच कोसळू नये, एवढाच हेतू असतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त ताकाच्या जागी मरण असतं.

एका सकाळी न्याहारीनंतर ते टॉवेलवाले आजोबा गेले. खुर्चीतच गेले. नर्स आणि आमच्या मुख्य बाई त्यांच्या खोलीत होत्या, डॉक्टरला बोलावणं गेलं होतं आणि मी बाहेर टेबलापाशी उभी होते. फोन वाजला. मी उचलला. मुलगी म्हणाली, "आज वडील कसे आहेत?"

मी म्हणाले, "त्यांची तब्येत जरा बरी नाही. घाई करू नका, पण सवडीनं या."

एकही चूक नाही. क्रियापदं जागच्या जागी, आदर जिथं हवा तिथं. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हाच, की बघ, जमलं. हाताखालून माणूस गेलं होतं आणि मला माझ्या बोलण्याचं कौतुक वाटत होतं. मराठीत जे वाक्य लहानपणापासून कानावर पडलं होतं, ते मी जपानीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं.

मुलगी दुपारी आली. मी सवडीनं या म्हटलं होतं, म्हणून ती सवडीनंच आली. येताना दुकानात जाऊन वडिलांसाठी एक पातळ पांघरूण घेतलं होतं आणि त्यांना आवडणारं मऊ पुडिंग. मुख्य बाईंनी तिला छोट्या खोलीत नेलं. बाहेर आल्यावर ती ओरडली नाही, रडलीही नाही. माझ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणाले, "हाय."

ती वाकून नमस्कार करून गेली. पुडिंगची पिशवी तिच्या हातातच होती.

मुख्य बाई पन्नाशीच्या, काटकुळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बसवलं आणि असं का बोललात म्हणून विचारलं. मी मोडक्यातोडक्या शब्दांत आमची रीत समजावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सांभाळायला गेलात, हे कळलं. पण वडील गेलेले असताना त्या दुकानात उभ्या राहून पांघरुणाचा रंग निवडत होत्या. आता तो रंग त्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही." नंतर त्यांनी कामाचा नियम सांगितला : निष्कर्ष आधी. कोण पडलं तर आधी पडलं म्हणायचं, कुठं आणि कसं ते नंतर. कोण गेलं तर आधी गेलं म्हणायचं.

शिक्षा म्हणून असेल किंवा शिकवण म्हणून, त्या दिवसापासून पडल्याझडल्याची आणि गेल्यासवरल्याची बातमी सकाळच्या गोलात सांगायचं काम माझ्याकडं आलं. पाळी कुणाचीही असो, मी पुढं व्हायचं आणि निष्कर्ष आधी म्हणायचा. पहिल्यांदा आवाज कापला. मग कापेनासा झाला. वृद्धांच्या घरात अशा बातम्यांना तोटा नसतो.

माझी भीती गेली ती अशी. एकदम नाही गेली, झिजत गेली. मराठीत 'मेला' म्हटलं की घशात काहीतरी अडकतं. जपानीत तेच म्हणताना काही अडकत नव्हतं, कारण त्या शब्दाशी माझं लहानपणापासूनचं काही देणंघेणं नव्हतं. त्या शब्दानं माझ्यासमोर कधी कुणी रडलं नव्हतं. मी स्वच्छ, सावकाश, खणखणीत बोलू लागले. नातेवाइकांशी बोलायला सगळे मलाच पुढं करू लागले. माझ्याबरोबरच्या फिलिपिनी मुली म्हणायच्या, तू अगदी इथल्यासारखी बोलतेस. मला बरं वाटायचं का? आठवून सांगते, काहीच वाटायचं नाही. मी घरी येऊन भात लावायचे, जेवायचे, झोपायचे. फोनवर आई म्हणायची, "तुझा आवाज असा का झाला गं? बँकेतल्या बाईसारखा." मी म्हणायचे, थकलेय.

त्याच दिवसांत मी घरच्यांना सांगून ठेवलं होतं. आण्णांना तेव्हा हृदयाचा त्रास सुरू झाला होता, गाडी बंद केली होती. दादाला, माझ्या मोठ्या भावाला, मी म्हटलं, "काही झालं तर मला सरळ सांगायचं. तुमचं ते जरा जास्त, निघून ये, असलं काही नको." दादा हो म्हणाला. तो हो म्हणाला म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडं हो म्हणणं हा विषय बदलायचा एक प्रकार आहे.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन आला. मी डबा उघडला होता.

"आण्णाला जरा जास्त हाय," दादा म्हणाला. "दवाखान्यात नेलंय. तू निघून ये. घाबरू नको, पण ये."

मागं आत्या रडत असल्याचं ऐकू येत होतं.

"बोलतायत का?" मी विचारलं.

"बोलत्यात की. तुझंच नाव काढत्यात."

मी डब्याचं झाकण लावलं. मला सगळं कळलं होतं. जीपमधली सगळी माणसं एका सुरात बोलली होती, तेच शब्द, तोच सूर. मी म्हणू शकले असते, आण्णांना फोन दे. पण मग दादाला काहीतरी कारण काढावं लागलं असतं, डॉक्टर आत आहेत, आत्ताच झोपले, आणि माझ्यासाठी त्याला आणखी एकदा खोटं बोलावं लागलं असतं. त्याची दया आली मला. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की मला ते मराठीत ऐकायचं नव्हतं.

"येते," म्हणाले आणि ठेवला.

तशीच उठले आणि मुख्य बाईंच्या खोलीत गेले. वाकले. म्हणाले, "माझे वडील वारले. मला भारतात जायचं आहे."

निष्कर्ष आधी. सरळ उभी होते, आवाज एकसारखा होता, एक अक्षर मागंपुढं नाही. इतकी वर्षं ज्या बोलण्यासाठी धडपडले, ते त्या क्षणी पूर्णपणे माझ्या हातात होतं. बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि तिकडं असं कुणी करत नाही. संध्याकाळची पाळी बदलताना गोलात मीच सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि थोडा वेळ शांतता पाळली, माझ्या आण्णांसाठी. मी त्या सगळ्यांच्या डोक्यांकडं बघत होते. कुणाचे केस पांढरे, कुणाचे रंगवलेले. मला काहीच वाटत नव्हतं. मी धीराची आहे असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. त्या रात्री बॅग भरून मी पलंगावर बसले होते तेव्हा घरून फोन वाजला. मी पडद्याकडं बघत राहिले. वाजून बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मी तो उशीवर पालथा ठेवला. मग मेसेज आला : आण्णा तुझीच वाट बघतायत. आमच्याकडं गेलेली माणसंही वाट बघतात. लेक लांबून यायची असली की अंत्यविधी थांबवतात, त्याला वाट बघणंच म्हणतात. मी उत्तर पाठवलं : निघाले आहे. सकाळी पुन्हा एकदा वाजला, तेव्हाही नाही उचलला.

दिल्लीला विमान बदलून मी सकाळी चिकलठाण्याला उतरले. दादा आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं बॅग घेतली, गाडीत ठेवली. जालना रोडला लागल्यावर मला त्याची कीव आली. म्हटलं, "दादा, मला माहितीये. सांगू नकोस."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "कुणी सांगितलं? मी तर तुला कळवलंच नाय."

"कुणी नाही. फोनवरच कळलं मला."

"फोनवर?" तो म्हणाला. "फोन केला तव्हा बोलत व्हते गं ते. आज पहाटं गेले."

"आज?"

"मंग कव्हा?"

पुढं त्यानं काय काय सांगितलं ते मी ऐकलं. त्या दिवशी खरंच फक्त जरा जास्त होतं. आत्या रडत होती, कारण आत्या कशालाही रडते. दुपारीच आण्णांना बरं वाटलं, रात्री फोन लाव म्हणून मागं लागले. दादानं लावला. मग पुन्हा लावला, सकाळीही एकदा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी बिघडलं. हे सगळं तो रस्त्यावर नजर ठेवून सांगत होता, आणि मी सिग्नलपाशी ऊस विकणाऱ्या बाईकडं बघत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिकडं, गोल उभ्या राहिलेल्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या, तेव्हा आण्णा दवाखान्यात उठून बसले होते आणि चहा मागत होते.

घरी दारात सतरंजी होती. माणसं होती. शेजारच्या विहारातले लोक आले होते. मी आत गेले, आण्णांना पाहिलं, पायाला हात लावला. आत्यानं मला मिठी मारली आणि सगळ्या बायका एकदम रडल्या. मला रडू आलं नाही. आत्या कुणाला तरी म्हणाली, पोरगी दगड झाली बिचारी, आणि मला वाटलं, बरोबर आहे.

सगळं उरकल्यावर बायका पांगल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तशी बोलू लागली.

"फोन सोडंनात हातातला. ती बोलंल म्हणले, लावा. लागंना. मंग तुझ्या दादानं त्यांना सांगितलं, ती इमानात बसली, इमानात फोन बंद ठेवावा लागतो. तव्हा कुठं त्यांना पटलं. म्हणले, अरे व्हय की, इमानात कसा लागंल. मग फोन उशाला ठेवला अन् झोपले."

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतं. आईनं माझ्याकडं वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तक्रार नव्हती. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं, की आण्णांना सांगितलेलं ते खरं असावं.

"तव्हा इमानातच होतीस ना गं तू?"

"हो आई," मी म्हणाले. "विमानातच होते."